“लक्ष कोठें आहे तुझें ?”

दिवसांतून वीस वेळां तरी हा प्रश्न आमच्या तोंडून बाहेर पडत असेल. फळ्यावर समीकरण लिहून आम्ही मागें वळतों, तों तिसऱ्या बांकावरील एखादा मुलगा खिडकीबाहेर एकटक पाहत बसलेला दिसतो, आणि आमचा आवाज आपोआप चढतो. मुलगा उठून उभा राहतो, मान खालीं घालतो, शेजारचे फिदीफिदी हंसतात, आणि तास पुढें चालूं होतो. प्रश्नाला उत्तर आलेलें आम्हांस आठवत नाहीं. किंबहुना या प्रश्नाला उत्तर असूं शकतें, व तें ऐकून घेण्यासाठींच तो विचारावयाचा असतो, ही साधी गोष्ट शिक्षकाच्या धंद्यांत वीस वर्षें घालविल्यावर आमच्या ध्यानांत आली. हें कबूल करण्यास संकोच वाटतो. परंतु प्रस्तुत लेखाचें मूळ त्यांतच असल्यामुळें तें सांगणें भाग आहे.

गेल्या वर्षीं चैत्राच्या आरंभीं एक बाई शाळेंत आल्या. ऊसतोडीहून नुकत्याच परतलेल्या. पाचटानें ओरखडलेल्या हातांवरील खुणा अजून ताज्या होत्या. त्या हातांत दवाखान्याचें एक भलें मोठें पाकीट होतें. त्यांत त्यांच्या मुलाच्या, म्हणजे आमच्या आठवीच्या वर्गांतील एका विद्यार्थ्याच्या, मेंदूचीं एम. आर. आय. यंत्रानें काढलेलीं चित्रें होतीं. हंगाम संपल्यावर हातीं उरलेले थोडेसे पैसे मोडून, एस. टी. नें मुलाला शहरांत नेऊन त्यांनीं तीं काढून आणलीं होतीं. आम्हीं तीं उजेडाकडे धरून पाहिलीं. आम्हांस त्यांतलें काय कळणार ? सोबतच्या कागदावर मात्र स्पष्ट लिहिलें होतें कीं, मेंदूंत कोठेंहि दोष नाहीं. बाई म्हणाल्या, “फोटूत कायबी नाही म्हन्ले डाक्टर. मंग लेकराचं ध्यान कुठं जातंय, गुरुजी ?”

आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. याहून वाईट गोष्ट अशी कीं, ह्या साऱ्या खटाटोपाचें मूळ आम्हीच होतों. दिवाळीपूर्वींच्या पालकसभेंत मुलाचें प्रगतिपुस्तक त्यांच्या हातीं देतांना “याच्या मेंदूंतच कांहींतरी असावें, बाई,” असें आम्ही सहज बोलून गेलों होतों. आम्ही तें बोललों आणि विसरलों. त्या माउलीनें तें सहा महिने उसाच्या फडांत उराशीं बाळगलें. त्या दिवसापासून मेंदूच्या चित्रांविषयीं जें जें आम्हांस समजेल असें लिहिलेलें मिळालें तें तें आम्ही वाचूं लागलों. आमचा अभ्यास गणिताचा, वैद्यकाचा नव्हे. तरी जेवढें उमगलें तेवढ्यावरून आमचें एक मत बनलें आहे, व तें विद्यार्थी आणि पालक या दोघांपुढेंहि ठेवण्याचें धाडस आम्ही करीत आहों. तें मत असें कीं, अवधान हा मुलाच्या अंगचा कायमचा गुण किंवा दोष नव्हे. भय, चिंता व वय यांच्याशीं तें फार जवळून बांधलेलें आहे. आणि त्याची परीक्षा यंत्राच्या चित्रावरून करूं जाणें, निदान आज तरी, व्यर्थ आहे.

प्रथम हीं चित्रें म्हणजे काय तें पाहूं. मनाचा व्यापार डोळ्यांनीं पाहण्याची खटपट जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत इटलींतील तुरीन येथें आंजेलो मोस्सो या नांवाचे एक शरीरशास्त्रज्ञ होते. बर्तिनो नांवाच्या एका शेतकऱ्याच्या डोक्यास जखम होऊन कवटीचें हाड एके ठिकाणीं नाहींसें झालें होतें, व त्या जागीं मेंदूचें स्पंदन बाहेरून जाणवत असे. मोस्सो यांनीं तें नोंदणारें यंत्र तेथें बसविलें. एके दिवशीं दुपारीं चर्चची बाराची घंटा वाजली. हाताच्या नाडींत कांहीं फरक नाहीं, पण मेंदूचें स्पंदन मात्र एकाएकीं वाढलें ! घंटा ऐकून तुला प्रार्थना म्हणावयाची आठवण झाली काय, असें मोस्सो यांनीं विचारलें. बर्तिनो होय म्हणाला. आमच्या शाळेंत दररोज सकाळीं प्रार्थनेची घंटा होते तेव्हां किती डोक्यांतील रक्त असें उसळत असेल, हा विचार आमच्या मनांत आल्यावांचून राहिला नाहीं. तें असो. मेंदूचा जो भाग कामास लागतो तिकडे रक्त धांवतें, हें सूत्र मात्र तेव्हांपासून शास्त्रज्ञांच्या हातीं आलें.

आजचें यंत्र त्याच सूत्रावर चालतें, फक्त कवटी फुटण्याची वाट पाहावी लागत नाहीं. एम. आर. आय. हें मूळांत एक प्रचंड लोहचुंबक आहे. तीन टेस्ला शक्तीच्या यंत्राचें चुंबकत्व पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारें साठ हजारपट असतें. शरीरांतील पाण्यामध्यें जे हायड्रोजनचे कण आहेत ते या चुंबकांत ओळीनें उभे राहतात, रेडिओलहरींनीं त्यांना डिवचलें म्हणजे उलट संदेश देतात, आणि त्या संदेशांवरून आंतील चित्र तयार होतें. यासाठीं पॉल लॉटरबर व पीटर मॅन्सफील्ड यांना २००३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. त्या बाईंनीं आणलेलें चित्र या जातीचें होतें. घराचा नकाशा पाहून भिंतीस तडा आहे कीं नाहीं तें कळतें. घरांतील माणसें काय बोलत आहेत तें कळत नाहीं.

दुसरी जात निराळी. प्राणवायूनें भरलेलें रक्त आणि प्राणवायु खर्चून गेलेलें रक्त यांचें चुंबकीय वर्तन भिन्न असतें. या भेदाचा उपयोग करून चालत्या मेंदूचें चित्र काढतां येईल, हें सेइजी ओगावा या जपानी शास्त्रज्ञानें १९९० सालीं अमेरिकेंत दाखविलें, आणि १९९२ पासून मनुष्याच्या मेंदूचीं अशीं चित्रें निघूं लागलीं. वर्तमानपत्रांत काळ्या मेंदूवर तांबडे-पिवळे ठिपके चमकत असलेले दिसतात तीं हींच. पण वाचकांनीं एक गोष्ट पक्की ध्यानांत ठेवावी. तो ठिपका म्हणजे विचार नव्हे. तो रक्ताचा पुरवठा आहे, आणि तोहि हिशेबानें काढलेला. मेंदूंतील पेशी सेकंदाच्या हजाराव्या भागांत आपलें काम उरकते. रक्त पांच-सहा सेकंदांनीं पूर्ण भरास येतें. चित्रांतील एक कण सुमारें तीन मिलिमीटर लांबीरुंदीचा, आणि तेवढ्यांत लाखों पेशी मावतात. बाजारांत कोणत्या दुकानापुढें गर्दी आहे हें डोंगरावरून पाहावें, पण सौदा काय चालला आहे तें ऐकूं येऊं नये, तसाच हा प्रकार.

हा मेंदू तरी केवढा ? वजन सुमारें तेराशें-चौदाशें ग्राम; शरीराच्या भाराचा पन्नासावा हिस्सा. परंतु शरीर जितकी शक्ति खर्च करतें तिचा पांचवा हिस्सा हा एकटा खातो. उपाशी पोटीं शाळेंत आलेल्या मुलाचें लक्ष लागत नाहीं याचें कारण आणखी कोठें शोधावयास नको.

आतां अवधान कसें मोजतात तें सांगतों. जॉन रिडले स्ट्रूप या नांवाचे एक गृहस्थ अमेरिकेंतील टेनेसी प्रांतांत शिक्षक होते. १९३५ सालीं त्यांनीं आपल्या प्रबंधांत एक प्रयोग प्रसिद्ध केला. पुढें त्यांनीं मानसशास्त्र जवळजवळ सोडून दिलें व उरलेलें आयुष्य बायबल शिकविण्यांत आणि उपदेश करण्यांत घालविलें. पण त्यांचें नांव जगांत राहिलें तें या एका प्रयोगामुळें. रंगांचीं नांवें भलत्याच रंगाच्या शाईनें छापावयाचीं, आणि शब्द न वाचतां शाईचा रंग सांगावयास लावावयाचा. नुसते रंगाचे शंभर चौकोन ओळखण्यास त्यांच्या विद्यार्थ्यांना सरासरी ६३ सेकंद लागले. विसंगत शब्दांच्या शाईचा रंग सांगण्यास ११० सेकंद.

आम्हीं हा प्रयोग नववीच्या वर्गांत रंगीत खडू घेऊन करून पाहिला. ‘तांबडा’ हा शब्द निळ्या खडूनें, ‘हिरवा’ हा पिवळ्या खडूनें, असे वीस शब्द फळ्यावर लिहिले. वर्गांतला पहिला नंबर सहाव्या शब्दाला अडखळला व सारा वर्ग हंसला. मग हंसणारे एकेक येऊन अडखळले. शेवटीं आमच्या शिपायाची लहान नात, जी अजून बाराखडींत होती, तिला बोलाविलें. ती धडधड सगळे रंग सांगून गेली आणि एवढे मोठे दादा-ताई कां चुकतात तें तिला कळेना ! वाचतां येणें हाच या खेळांत अडथळा आहे. वाचण्याची संवय इतकी मुरलेली असते कीं ती आज्ञेची वाट पाहत नाहीं. तिला आवरून धरून दुसरें काम करणें यालाच शास्त्रज्ञ मनाचा ताबा म्हणतात.

हा खेळ चालू असतांना मेंदूचीं चित्रें घेण्यांत आलीं आहेत. पहिलीं १९९० सालचीं, रक्तांत किंचित् किरणोत्सर्गी द्रव्य सोडून काढलेलीं. दोन्ही अर्धमेंदूंच्या मधल्या भिंतीवर पुढच्या बाजूस एक पट्टा आहे. शब्द एकीकडे ओढतो आणि आज्ञा दुसरीकडे, अशा वेळीं तो जागा होतो. त्याच्या जोडीला कपाळामागचा भाग कामाला लागतो. काय करावयाचें ठरलें आहे तें धरून ठेवणें, आणि भलत्या ओढीला नाहीं म्हणणें, हें त्याचें मुख्य काम. दिवसभर वर्गांत बसणें म्हणजे या भागाकडून पांच-सहा तास अखंड चाकरी घेणें होय.

या चाकरांत एक मोठें वैगुण्य आहे. भय वाटलें कीं तो काम टाकतो. मेंदूच्या पोटांत, कानशिलाच्या आंत, दोन्ही बाजूंस बदामाएवढी व बदामाच्याच आकाराची एकेक गांठ असते. तिला अमिग्डाला म्हणतात, आणि मूळ ग्रीक शब्दाचा अर्थहि बदाम असाच आहे. संकटाची चाहूल प्रथम घेणाऱ्यांपैकीं ही एक. रागावलेला चेहरा दिसला कीं ती उद्दीपित होते. येल विद्यापीठांतील एमी आर्नस्टेन यांनीं अनेक वर्षें संशोधन करून असें दाखविलें आहे कीं, ज्यावर आपला इलाज चालत नाहीं असा ताण पडला असतां मेंदूंत कांहीं रसायनें इतकीं वाढतात कीं, कपाळामागच्या पेशींचें परस्परांशीं असलेलें बोलणेंच तात्पुरतें ढिलें पडतें. कारभार मग जुन्या, आंधळ्या संवयींकडे जातो. शेतांत साप दिसला असतां हेंच हिताचें. तेथें विचार करीत बसणारा जगत नाहीं. पण त्रैराशिक सोडवितांना साप दिसल्यासारखें झालें तर ?

आम्ही नोकरीस लागलों तेव्हां टेबलाच्या खणांत छडी असे, व तिचा उपयोग आम्ही करीत असूं. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमानें मुलांना मारणें व त्यांचा मानसिक छळ करणें या दोन्ही गोष्टी निषिद्ध ठरविल्या. छडी गेली, हें खरें. परंतु “लक्ष कोठें आहे तुझें ?” हा चढ्या आवाजाचा प्रश्न राहिला, बांकावर उभें करणें राहिलें, गुणांची यादी मोठ्यानें वाचून दाखविणें राहिलें. कांहीं पालक आजहि आम्हांस म्हणतात, “गुरुजी, चांगला ठोकून काढा, त्याशिवाय ध्यानावर यायचा नाहीं.” त्यांना आमचें नम्र सांगणें असें आहे कीं, ठोकल्यानें मुलगा गप्प बसतो, शिक्षकाला तें पुष्कळदां पुरेंहि होतें. पण गप्प बसलेल्या मुलाचें सारें अवधान शिक्षकाच्या हाताकडे असतें, फळ्याकडे नसतें.

याच्या उलट बाजूचा एक प्रयोग आम्हांस विशेष मोलाचा वाटला. लॉस एंजेलिस येथील विद्यापीठांत मॅथ्यू लीबरमन व त्यांचे सहकारी यांनीं तो २००७ सालीं प्रसिद्ध केला. यंत्रांत निजलेल्या माणसाला रागाचे व भीतीचे चेहरे दाखवीत. नुसतें पाहण्याच्या वेळीं अमिग्डाला चळे. पण त्या चेहऱ्यावरील भावनेला योग्य शब्द निवडावयास सांगितलें, म्हणजे तिचें चळणें कमी होई आणि कपाळामागच्या उजव्या भागांत हालचाल वाढे. मनांत काय चाललें आहे त्याला नांव देतां आलें कीं त्याचा जोर ओसरतो, असें यावरून दिसतें. आमच्या घरांतून मुलाला, विशेषतः मुलग्याला, ‘भीति वाटते’ असें म्हणण्याची मुभा किती असते ? ‘पोरीसारखा रडतोस काय’ हें वाक्य आम्हीं लहानपणीं ऐकलें आणि, खरें सांगावयाचें तर, मोठेपणीं वापरलेंहि.

आतां आमच्या भागाच्या अगदीं जिव्हाळ्याची गोष्ट. बालाघाटाच्या या माथ्यावर पाऊस बेताचा, जमीन हलकी. म्हणून दसरा-दिवाळी झाली कीं बीड जिल्ह्यांतून हजारों जोडपीं कोयता घेऊन साखर कारखान्यांकडे निघतात, तीं फाल्गुन-चैत्रांत परत येतात. मुकादमाकडून उचल आधींच घेतलेली असते. ती अंगमेहनतीनें फेडावयाची. मुलें एक तर बरोबर जातात, नाहींतर आजीपाशीं किंवा हंगामी वसतिगृहांत राहतात. शिक्षक म्हणून आम्ही दरसाल पाहत आलों आहों कीं, मार्गशीर्ष-पौषांत या मुलांची अभ्यासांतील गति मंदावते. आम्ही तिला आळस म्हणत होतों.

२०१३ सालीं ‘सायन्स’ या नियतकालिकांत आनंदी मणी, सेंथिल मुल्लैनाथन, एल्डार शफीर व जियाइंग झाओ यांचा एक निबंध आला. तामिळनाडूंतील ४६४ ऊस-शेतकऱ्यांची त्यांनीं दोनदां परीक्षा घेतली : एकदां ऊस तुटून पैसे हातीं येण्यापूर्वीं, ओढगस्तीच्या दिवसांत, आणि एकदां पैसे आल्यावर. एक परीक्षा आकृत्यांची होती, दुसरी स्ट्रूप यांच्या धर्तीची. वाचतां न येणाऱ्यांसाठीं ती अंकांत घातली होती : ‘५ ५ ५’ असें लिहिलेलें दाखवावयाचें, व किती अंक आहेत तें विचारावयाचें, उत्तर तीन. तोच शेतकरी, तेंच डोकें. पण ओढगस्तींत चुका अधिक, वेळ अधिक. पैसे आल्यावर तोच माणूस अधिक हुशार ठरला. या निबंधावर पुढें विद्वानांनीं आक्षेपहि घेतले. दुसऱ्या खेपेस परीक्षा ओळखीची झाल्यामुळें कांहीं फरक पडला असेल, इत्यादि. ते आक्षेप हलके नाहींत. तरी सावकाराचा तगादा ज्यानें एकदां अनुभवला आहे त्याला यांतील मर्म समजण्यास आंकडेमोड लागणार नाहीं. तेथील माणसें उसाचे मालक होतीं. आमचे लोक ऊस तोडणारे. आणि मुलगा तर त्याहून पलीकडे : चिंता त्याच्या वांट्याला आलेली, पण ती मिटविण्याचें एकहि साधन त्याच्या हातीं नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, आतां तुमच्या उपयोगाची एक गोष्ट. पण ती ऐकून लगेच टाळ्या पिटूं नका. २००४ सालीं अमेरिकेंतील बेथेस्डा येथील सरकारी मानसिक आरोग्य संस्थेंतून एक निबंध प्रसिद्ध झाला. त्याचे पहिले लेखक नितीन गोगटे. हें आडनांव आमच्या वाचकांना परकें वाटणार नाहीं. तेरा निरोगी मुलांच्या मेंदूचीं चित्रें दर दोन वर्षांनीं, आठ ते दहा वर्षेंपर्यंत, काढून तीं जुळविलीं असतां असें आढळलें कीं, मेंदूचे सगळे भाग एकदम पिकत नाहींत. हालचालीचे व इंद्रियज्ञानाचे भाग आधीं पिकतात. आवर घालणारा कपाळामागचा भाग अगदीं शेवटीं. इतर संशोधनांवरूनहि हें पिकणें विशीच्या मध्यापर्यंत चालतें असें दिसतें. चौदा वर्षांच्या मुलाकडून चाळीस वर्षांच्या माणसाचा संयम मागणें म्हणजे मोहोरलेल्या झाडाखालीं पाटी घेऊन बसणें होय. तथापि याचा अर्थ झाडाला पाणी घालूं नये असा नव्हे. जो भाग अजून घडत आहे त्याला रोजची संवयच घडविते. रात्रीं बारापर्यंत मोबाईलवर बोट सरकवीत बसणारा मुलगा दर दहा सेकंदांनीं लक्ष सोडण्याचा सराव करीत असतो, आणि सकाळीं गणिताला पस्तीस मिनिटें तें एके ठिकाणीं राहावें अशी अपेक्षा करतो. या विषयावर आम्ही प्रार्थनेच्या वेळीं पुरेसें बोललों आहों. येथें अधिक कागद खर्चीत नाहीं.

चित्रांवर किती विसंबावें, या प्रश्नाकडे आतां वळूं; कारण गरिबाचा पैसा येथें जातो. २००९ सालीं क्रेग बेनेट व त्यांच्या सोबत्यांनीं एक मेलेला मासा, सामन जातीचा, यंत्रांत ठेवला व त्याला माणसांचीं चित्रें ‘दाखवून’ त्यांच्या भावना ओळखण्यास सांगितलें. आणि काय चमत्कार ! नेहमींची एक सावधगिरी हिशेबांत गाळली असतां मेलेल्या माशाच्या मेंदूंत ठिपका उजळला ! हजारों कण तपासले म्हणजे कोठेंतरी योगायोगानें कांहीं उजळणारच, हें त्यांना दाखवावयाचें होतें. या थट्टेला २०१२ सालीं विनोदी नोबेल म्हणतात तें पारितोषिक मिळालें. थट्टा सोडून दिली तरी, २०२० सालीं सत्तर निरनिराळ्या पथकांना एकाच प्रयोगाचीं तींच चित्रें तपासावयास दिलीं असतां त्यांचे निष्कर्ष परस्परांशीं जुळले नाहींत. २०२२ सालीं तर असें दाखविण्यांत आलें कीं, मेंदूची ठेवण आणि माणसाची बुद्धि किंवा स्वभाव यांचा संबंध भरंवशानें सांगावयाचा असेल, तर हजारों माणसांचीं चित्रें लागतात. मग एका मुलाच्या एका चित्रावरून तो हुशार कीं ढ, एकाग्र कीं चंचल, हें कोण सांगूं शकणार ?

आपल्या महाराष्ट्रांतहि या जातीच्या एका परीक्षेवर मोठें प्रकरण झालें आहे. २००८ सालीं पुण्याच्या न्यायालयांत एका खुनाच्या खटल्यांत मेंदूंतील विद्युत्‌लहरींची परीक्षा पुराव्यांत घेण्यांत आली व आरोपींस शिक्षा झाली. परीक्षा करणाऱ्यांचें म्हणणें असें कीं, गुन्ह्याचीं वाक्यें ऐकतांना त्या लहरींवरून माणसाला तो अनुभव प्रत्यक्ष आहे कीं नाहीं तें कळतें. जगभरच्या शास्त्रज्ञांनीं यावर टीका केली. पुढें ५ मे २०१० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें दुसऱ्या एका प्रकरणांत असा निर्णय दिला कीं, संमतीवांचून कोणावरहि अशी परीक्षा लादतां येणार नाहीं. खुनाच्या आरोपीच्या मनाला हें संरक्षण आहे. आमच्या गांवोगांवीं मात्र बोटांच्या ठशांवरून मुलाची बुद्धि सांगणारे, मेंदूचा अमुक भाग जागृत करून देतों म्हणणारे, पावती फाडून खुशाल फिरत असतात, आणि त्यांच्यापुढें मुलाला बसविण्यापूर्वीं त्याची संमति कोणी विचारीत नाहीं.

पालकांनीं गैरसमज करून घेऊं नये. मुलाला झटके येत असतील, डोक्याला मार लागला असेल, दृष्टींत किंवा चालण्यांत एकाएकीं फरक पडला असेल, तर डॉक्टर सांगतील ती तपासणी ताबडतोब करावी. कांहीं मुलांना लक्ष न लागण्याचा खरा विकार असतो, त्यावर उपचारहि आहेत. परंतु त्याचें निदान चित्रावरून होत नाहीं. मुलगा घरीं कसा वागतो, शाळेंत कसा वागतो, किती दिवसांपासून, हें डॉक्टर आईबापांना व शिक्षकांना बसवून विचारतात, व त्यावरून ठरवितात. आम्हीं बाईंना हें आधीं सांगितलें असतें तर त्यांचे पैसे वांचले असते.

त्या मुलाला आम्हीं नंतर एके दिवशीं शाळा सुटल्यावर थांबवून घेतलें. आवाज चढूं न देतां तोच जुना प्रश्न विचारला. तो बराच वेळ बोलला नाहीं. मग म्हणाला कीं, मागच्या वर्षीं हंगामांत त्याची धाकटी बहीण बैलगाडीखालीं सापडतां सापडतां वांचली. आईबाप तोडणीला गेले कीं कोपीजवळ तिला सांभाळण्याचें काम पूर्वीं त्याचें होतें. यंदा शाळेसाठीं तो मागें राहिला होता. वर्गाच्या खिडकींतून घाटाकडे जाणारा रस्ता दिसतो. त्या रस्त्यानें कोणी निरोप्या येतो काय, हें तो दिवाळीपासून पाहत होता.

आम्हीं त्याची जागा बदलली नाहीं. त्याची खिडकी त्याच्याजवळच राहूं दिली. येत्या दसऱ्यानंतर दर शनिवारीं आमच्या फोनवरून आईशीं त्याचें बोलणें करून द्यावयाचें असें ठरलें आहे, आणि बहिणीचें नांव गांवांतल्या अंगणवाडींत घालून तिलाहि आजीपाशीं ठेवतां येईल काय, याची चौकशी चालू आहे. आजी म्हातारी आहे, तिला होईलसें दिसत नाहीं. चित्रांचें पाकीट बाईंनीं आमच्याकडेच ठेवून दिलें. घरांत उंदीर फार, कुरतडतील म्हणाल्या. तें आमच्या कपाटांत हजेरीपटाच्या खालीं आहे.